चेनव्हील मोठे केले तर?

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. महानुभाव पंथीयांचे तीर्थक्षेत्र म्हणून ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, आणि २०२४ मध्ये तेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्यापासून त्याचे नाव पुन्हा चर्चेत आले. आजूबाजूचा मुलूख काळ्या मातीचा, कपाशी-तुरीचा आणि संत्र्याच्या बागांचा. रस्ते बहुतांशी सपाट; उत्तरेला सातपुड्याचे डोंगर. शाळा-कॉलेजसाठी पाच-दहा किलोमीटर सायकल मारणारी मुले-मुली या भागात पुष्कळ आहेत.

पूर्वी या रस्त्यांवर काळी, उंच, मडगार्ड-कॅरिअरवाली साधी सायकलच दिसे. आता तिच्या जोडीला जाड टायरची, सरळ हँडलची, गिअरची सायकल आली आहे. अशा सायकलीच्या पुढच्या चिमट्याला शॉकअप असतो, मागे मात्र स्प्रिंग नसते, फ्रेम ताठ असते. म्हणून तिला हार्डटेल म्हणतात. ती मुळात डोंगरातल्या पायवाटांसाठी बनलेली. सपाट डांबरी रस्त्यावर ती चालवणारा अकरावी-बारावीचा विद्यार्थी थोड्याच दिवसांत एक प्रश्न विचारतो. साध्या सायकलीचे चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचे दातेरी चाक, एवढे मोठे असते आणि आपले मात्र लहान. मग मोठे बसवले तर सायकल जास्त पळेल ना?

या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. मोठे चेनव्हील बसवून वेग वाढेल का, हा पहिला. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. मोठे चेनव्हील त्या फ्रेममध्ये बसेल का, हा दुसरा. त्याचे उत्तर भूमितीत आहे. दोन्हींची उत्तरे शाळेतल्या गणिताने काढता येतात. आणि ती काढणे गरजेचे आहे, कारण चुकीचे उत्तर धरून चालले तर पैसे जातात, गुडघे दुखतात, आणि कधी कधी चालत्या सायकलीची फ्रेम मोडते.

पायडलच्या एका फेऱ्यात किती अंतर?

चेनव्हीलचे दात मोजा आणि मागच्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या ज्या चक्रावर चेन आहे त्याचे दात मोजा. समजा पुढे ४२ आणि मागे १४ दात आहेत. पायडलचा एक फेरा झाला की चेनच्या ४२ कड्या पुढे सरकतात. मागचे चक्र १४ दातांचे असल्याने ते तेवढ्यात तीन फेरे करते, आणि चाकही तीन फेरे करते. चाकाचा परीघ २.०५ मीटर असेल (२६ इंची चाकाचा साधारण एवढा असतो) तर सायकल ३ × २.०५ = ६.१५ मीटर पुढे जाते.

हे प्रत्यक्ष मोजून पाहता येते. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ ओढा. चाकाचा व्हॉल्व्ह आणि एक पायडल दोन्ही खाली येतील अशी सायकल रेघेवर उभी करा. पायडल बरोबर एक फेरा पूर्ण करील एवढे पुढे जा आणि अंतर टेपने मोजा. गणिताने काढलेले आणि मोजलेले अंतर किती जुळते ते मुलांना पाहू द्या. टायरमध्ये हवा कमी असेल आणि सायकलीवर कोणी बसलेले असेल तर मोजलेले अंतर थोडे कमी भरेल. का, हे त्यांनाच विचारा.

या गुणोत्तराचा इतिहासही गमतीचा आहे. १८७०च्या दशकातल्या उंच सायकलींना चेनच नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर बसवलेले असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. जास्त अंतर कापायचे तर चाकच मोठे करावे लागे. म्हणून पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच झाले. चाक किती मोठे करायचे याला पायांच्या लांबीची मर्यादा होती. हान्स रेनॉल्ड याने १८८० मध्ये सुधारित रोलर चेन तयार केली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने मागच्या चाकाला चेनने गती देणारी रोव्हर सायकल बाजारात आणली आणि उंच चाकाची गरज संपली. आजही गिअरचा हिशोब काही जण इंचांत सांगतात. २६ इंची चाक गुणिले ३ म्हणजे ७८ इंच. याचा अर्थ, आपली सायकल ७८ इंच व्यासाचे चाक असलेल्या उंच सायकलीसारखी चालते.

वेग कोण देतो?

आता पुढचे चेनव्हील बदलू. मागे १४ दातच ठेवू आणि पाय मिनिटाला ७० फेरे मारत आहेत असे धरू.

३४ दात: एका फेऱ्यात ४.९८ मीटर, वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर.
४२ दात: एका फेऱ्यात ६.१५ मीटर, वेग ताशी सुमारे २६ किलोमीटर.
४८ दात: एका फेऱ्यात ७.०३ मीटर, वेग ताशी सुमारे २९.५ किलोमीटर.

हे पाहून विद्यार्थी म्हणेल, ‘मग प्रश्न सुटला! ४८ बसवू.’ येथेच थांबायला हवे. या हिशोबात आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे: पाय तेच ७० फेरे मारत राहतील. ते मारतील का? त्यासाठी सायकल ढकलायला किती शक्ती लागते हे पाहावे लागेल.

सपाट रस्त्यावर सायकलीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. एक, टायर रस्त्यावर दबून पुन्हा फुगतो, त्यात जाणारी ऊर्जा. दोन, हवेचा विरोध. सायकल व चालक मिळून ८० किलोग्रॅम वस्तुमान धरू. जाड, खाचांच्या टायरसाठी लोटण-घर्षणाचा गुणांक ०.०१२ धरला तर पहिला विरोध सुमारे ९.४ न्यूटन येतो. वेग कितीही असला तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या माणसासाठी नेहमी धरल्या जाणाऱ्या किमती घेतल्या तर तो ताशी २० किलोमीटर वेगाला सुमारे ९.३ न्यूटन, २५ ला १४.६ आणि ३० ला २१ न्यूटन भरतो. एकूण विरोधाला सेकंदाला कापलेल्या अंतराने गुणले की शक्ती मिळते:

ताशी २० किलोमीटर: सुमारे १०४ वॅट.
ताशी २५ किलोमीटर: सुमारे १६७ वॅट.
ताशी ३० किलोमीटर: सुमारे २५३ वॅट.

वेग दीडपट झाला, पण शक्ती जवळजवळ अडीचपट लागली. रोज शाळेला सायकलने जाणारा निरोगी मुलगा तासभर १०० वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. २५० वॅट तासभर देणे हे चांगल्या सरावाच्या खेळाडूचे काम आहे. चेनव्हील बदलल्याने मुलाच्या पायांत १५० वॅट वाढत नाहीत. म्हणून ४८ दातांचे चेनव्हील बसवले तरी तो ताशी २० किलोमीटरनेच जाईल. फरक एवढाच, की त्याचे पाय आता सावकाश फिरतील आणि प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर लावावा लागेल.

तो जोरही काढता येतो. एका फेऱ्यात सायकल जेवढे कार्य करते, तेवढेच पायांनी केलेले असते. चेनमध्ये वाया जाणारी थोडी ऊर्जा सोडून देऊ. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर असेल तर पायडल एका फेऱ्यात १.०७ मीटर अंतर जाते. ताशी २० किलोमीटर वेगाला एकूण विरोध १८.७ न्यूटन. ३४ दातांना सरासरी ८७ न्यूटन जोर आणि मिनिटाला ६७ फेरे. ४२ दातांना १०८ न्यूटन आणि ५४ फेरे. ४८ दातांना १२३ न्यूटन आणि ४७ फेरे. जोर आणि फेरे यांचा गुणाकार तिन्ही ठिकाणी सारखाच येतो. तरफेच्या धड्यात आपण शिकवतो तेच हे: बल वाचवले की अंतर वाढते, अंतर वाचवले की बल वाढते. कार्य वाचत नाही.

मग वारा समोरून आला की काय होते? ताशी १० किलोमीटरचा वारा समोर असेल तर ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याला हवा ३० किलोमीटरच्या वेगाने अंगावर येते. लागणारी शक्ती १०४ वरून सुमारे १६९ वॅटवर जाते. उन्हाळ्याच्या वाऱ्यात घरी परतणाऱ्या मुलाला त्या वेळी लहान चेनव्हील हवे असते, मोठे नव्हे.

याला पुष्टी देणारे एक उदाहरण आपल्या राज्यातले आहे. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. एकट्या पुरुष स्पर्धकाला सुमारे बारा दिवसांची मर्यादा असते. ४,८०० किलोमीटरला बारा दिवसांनी आणि चोवीस तासांनी भागा. विश्रांती धरून सरासरी ताशी १७ किलोमीटरसुद्धा येत नाही. मोठ्या चेनव्हीलने साधणारा क्षणाचा वेग आणि दिवसभर टिकणारा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चढावर काय होईल?

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. परतवाड्याकडून वर जाताना साधारण ७०० मीटर उंची चढावी लागते. ८० किलोग्रॅम वस्तुमान ७०० मीटर उचलायला सुमारे ५५० किलोज्यूल कार्य लागते. चेनव्हील कोणतेही असो, यात एका ज्यूलचाही फरक पडत नाही. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात बदलतात. म्हणजे केवळ ही उंची चढायला सुमारे ५२५ किलोकॅलरी, ज्वारीच्या चार-पाच मध्यम भाकरींएवढे अन्न खर्ची पडते.

फरक पडतो तो हे कार्य कसे करावे लागते यात. १०० मीटरला ६ मीटर चढ आणि ताशी ८ किलोमीटर वेग धरू. एकूण विरोध सुमारे ५८ न्यूटन. पुढे २८ आणि मागे २८ दात असतील तर पायडलवर सरासरी १११ न्यूटन जोर लागतो आणि पाय मिनिटाला ६५ फेरे मारतात. पुढे एकटे ४८ दातांचेच चेनव्हील ठेवले तर १९० न्यूटन लागतात आणि फेरे ३८ वर येतात. हा सरासरी जोर आहे. पायडल आडवे असताना तो याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि वर-खाली असताना जवळजवळ शून्य. हा सगळा भार गुडघ्यातून जातो. वाढत्या वयाच्या मुलाने रोज असे जड गिअर रेटणे आमच्या मते टाळावे.

मग मोठ्या चेनव्हीलचा फायदा कशात?

फायदे आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला फायदा उताराचा व पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा. अशा वेळी शक्ती कमी लागते, पाय भराभर फिरू लागतात आणि शेवटी रिकामे पडतात. तेथे मोठे चेनव्हील उपयोगी पडते.

दुसरा फायदा चेनचा. क्रँकवर ३०० न्यूटन जोर दिला तर ३२ दातांच्या चेनव्हीलमुळे चेनमध्ये सुमारे ७९० न्यूटन ताण येतो, ४२ दातांच्यामुळे ६००. त्रिज्या वाढली की तेवढ्याच पिळासाठी ताण कमी लागतो. शिवाय पुढे ३३ व मागे ११ काय, किंवा ४२ व १४ काय, गुणोत्तर तेच तीन. पण ११ दातांच्या चक्रावर चेनची प्रत्येक कडी सुमारे ३३ अंश वळते, १४ दातांच्या चक्रावर २६ अंश. कमी ताण आणि कमी वळण म्हणजे कमी झीज. मोठ्या चक्रांच्या जोडीवर चेन व दात जास्त टिकतात. चेनव्हील बदलायचेच असेल तर त्याचे समर्थन वेगात नाही, या टिकाऊपणात आहे.

बसेल का?

आता भूमितीकडे वळू. सायकलीच्या चेनच्या दोन लागोपाठच्या पिनांमधले अंतर जगभर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. दातांची संख्या माहीत असली की चेनव्हीलचा व्यास काढता येतो. चेनव्हील हे खरे तर वर्तुळ नसून तेवढ्या बाजूंचा समभुज बहुकोन आहे, आणि प्रत्येक बाजू १२.७ मिलिमीटरची. १८० अंशांना दातांच्या संख्येने भागा, येणाऱ्या कोनाचा साइन घ्या आणि १२.७ ला त्याने भागा. मिळालेला आकडा म्हणजे व्यास. दहावीच्या विद्यार्थ्याला याची सिद्धता देता यावी.

या सूत्राने ३४ दातांची त्रिज्या ६८.८ मिलिमीटर येते, ३६ ची ७२.९, ३८ ची ७६.९, ४२ ची ८५.० आणि ४८ ची ९७.१. म्हणजे दर दातामागे त्रिज्या साधारण २ मिलिमीटर वाढते. पिनांच्या रेषेबाहेर दातांची टोके असतात, त्यासाठी आणखी ४ मिलिमीटर धरावे.

अडचण कोठे येते? पायडलचा आस ज्या नळकांड्यात फिरतो त्याला दुकानात बी.बी. म्हणतात. तेथून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन आडव्या नळ्या जातात. साध्या सायकलीचा टायर अरुंद असतो, त्यामुळे या नळ्या सावकाश फाकत जातात. हार्डटेलचा टायर ५० ते ६५ मिलिमीटर रुंद. त्याला जागा देण्यासाठी नळ्या बी.बी.पासून निघाल्या निघाल्या बाहेर वळतात. उजवी नळी एका बाजूला टायर व दुसऱ्या बाजूला चेनव्हील यांच्या कात्रीत सापडलेली असते. चेनव्हील जसजसे मोठे, तसतशी त्याची कड नळीच्या बाहेर फाकलेल्या भागाजवळ जाते.

एक उदाहरण घेऊ. ३४ दातांच्या चेनव्हीलची कड आणि नळी यांत ४ मिलिमीटर फट आहे, आणि नळी मागे जाताना दर ६ मिलिमीटरला १ मिलिमीटर बाहेर येते असे धरू. ४२ दात बसवले तर त्रिज्या १६.२ मिलिमीटरने वाढेल, आणि फट २.७ मिलिमीटरने घटून १.३ उरेल. सायकल उभी असताना चेनव्हील मोकळे फिरेल. पण उभे राहून जोरात पायडल मारले की फ्रेम आणि क्रँक किंचित वाकतात, तेव्हा दात नळीला घासतील. म्हणून निदान ३ मिलिमीटर फट ठेवावी. या उदाहरणात ३८ दातांना २.६ मिलिमीटर उरते, म्हणजे ते थोडक्यात नापास. ३६ दातांना ३.३ उरते, ते चालेल. दोन दात म्हणजे सहा टक्के वाढ. एवढ्याच वाढीला ही फ्रेम परवानगी देते.

जुन्या गिअरच्या सायकलींत मात्र पुढे ४२ किंवा ४८ दातांचे चेनव्हील सहज दिसते, ते कसे? तेथे पुढे तीन चेनव्हील असतात, आणि सर्वांत मोठे सर्वांत बाहेर, मधल्यापासून साधारण ७-८ मिलिमीटर दूर असते. पहिल्या डोंगरी सायकली १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बनल्या. १९८०च्या दशकात त्यांच्या पुढच्या चेनव्हीलना ४८-३८-२८ असे दात असत, १९९०च्या दशकात ४२-३२-२२ अशी लहान मापे रूढ झाली. २०१२ मध्ये श्रॅम कंपनीने मागे १० ते ४२ दातांची अकरा चक्रे आणि पुढे एकच चेनव्हील अशी रचना आणली. त्यानंतर अनेक फ्रेम पुढे एकच, ३० ते ३६ दातांचे चेनव्हील गृहीत धरून आखल्या गेल्या. बाहेरच्या मोठ्या चेनव्हीलसाठी त्यांत जागा ठेवायचे कारणच उरले नाही. तेव्हा दुसऱ्याच्या सायकलीत ४२ बसते म्हणून आपल्यातही बसेल, असे अनुमान काढता येत नाही.

पुठ्ठ्याची चकती

दुकानात पैसे मोजण्यापूर्वी एक पुठ्ठा वापरून हे तपासता येते. हव्या त्या दातांची त्रिज्या काढा, त्यात ४ मिलिमीटर मिळवा आणि कंपासने तेवढ्या त्रिज्येचे अर्धवर्तुळ जाड पुठ्ठ्यावर काढून कापा. मध्यभागी बी.बी.चा आस बसेल एवढी खाच करा. आताच्या चेनव्हीलच्या आतल्या बाजूला, त्याला समांतर आणि चिकटून, हे अर्धवर्तुळ मागच्या नळीच्या दिशेला धरा. पुठ्ठ्याच्या कडेपासून नळीपर्यंतची फट मोजा. पुठ्ठ्याची जाडी विसरू नका, ती फटीत मिळवावी लागेल. फट मोजायला पट्टी शिरत नसेल तर वहीची पाने एकावर एक सरकवा. शंभर पानांची जाडी आधी मोजली असेल तर एका पानाची काढता येते.

बसले, तरी काय काय बदलते?

फट पुरत नसेल तर काही जण चकत्या घालून किंवा लांब एक्सल बसवून चेनव्हील बाहेर सरकवतात. हा उपाय आहे, पण त्याची किंमत चेन मोजते. चेनव्हील ज्या प्रतलात फिरते ते मागच्या चक्रांच्या साधारण मध्यावर यावे अशी रचना असते. ते ५ मिलिमीटर बाहेर गेले की सर्वांत आतल्या मोठ्या चक्रावर, म्हणजे नेमके चढावर, चेन जास्त तिरकी चालते, आवाज करते, लवकर झिजते.

चेनही लांब लागते. दातांत ८ ची वाढ झाली तर चेन त्याच्या निम्म्याने, म्हणजे ४ कड्यांनी वाढवावी लागते. कडी एक अरुंद, एक रुंद अशी असल्याने ती जोडीनेच वाढवता येते. जुनी आखूड चेन तशीच ठेवून मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर गिअर टाकला तर चेन ताणली जाऊन गिअरचा डिरेलर ओढला जातो आणि मोडतो. पुढे दोन-तीन चेनव्हील असतील तर पुढचा डिरेलरही वर सरकवावा लागतो. ४२ चे ४८ केले तर सुमारे १२ मिलिमीटर. शिवाय मागचा डिरेलर सैल चेन किती गुंडाळू शकतो याला मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडली की लहान-लहान चक्रांच्या जोडीवर चेन लोंबकळते.

स्वस्त सायकलींत चेनव्हील क्रँकला रिबिटांनी पक्के केलेले असते. तेथे नुसते चेनव्हील बदलता येत नाही, क्रँकसह संच बदलावा लागतो. बोल्टचे असेल तर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मोठे चेनव्हील जुन्या चेनगार्डमध्ये मावत नाही म्हणून गार्डच काढून टाकले जाते. ओढणी किंवा पायजमा चेनमध्ये अडकून होणारे अपघात आपल्याला नवे नाहीत. गार्डशिवाय चेनव्हील मोठे करू नये.

हातोडा नको

फट कमी पडते म्हणून नळीला हातोड्याने ठोकून खळगा करणे, कानस मारणे, किंवा तापवून वाकवणे असे उपाय सुचवले जातात. ‘कारखान्यातही नळी दाबलेली असते की,’ असेही सांगतात. ते खरे आहे. पण कारखान्यात नळी साच्यात, ठरावीक आकारात, बहुधा जोडण्यापूर्वी दाबली जाते, आणि अॅल्युमिनियमच्या बाबतीत त्यानंतर उष्णतेची प्रक्रिया होते. मागची नळी पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. मिनिटाला ६० फेरे धरले तर एका तासात ३,६०० वेळा. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण असंख्य वेळा सोसता येतो. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान ताणसुद्धा पुरेशा वेळा दिला की तडा जाऊ शकतो. हातोड्याचा खळगा किंवा कानशीची खाच म्हणजे ताण एकवटण्याची जागा. उष्णतेने तर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची कमावलेली ताकदच कमी होते. तडा अनेक महिने दिसत नाही आणि एके दिवशी नळी तुटते. त्या वेळी मागून ट्रॅक्टर येत असेल किंवा घाटाचा उतार असेल.

मग करावे काय?

त्याच १०४ वॅटमध्ये वेग वाढवण्याचे दुसरे मार्ग आहेत. खाचांच्या टायरऐवजी सपाट, अरुंद टायर बसवून हवा पूर्ण भरली आणि लोटण-घर्षण निम्मे झाले, तर ताशी २० चा वेग सुमारे २२.५ वर जातो. थोडे पुढे वाकून बसले तर ताशी सुमारे एक किलोमीटर मिळतो. सीट पुरेशी उंच केली, पाय खाली जाताना जवळजवळ सरळ होईल इतकी, तर स्नायूंचा उपयोग अधिक चांगला होतो. चेनला तेल, ब्रेकचा रबर रिमला घासत नाही याची खात्री, या गोष्टींना फार खर्चही येत नाही. हे सर्व केल्यानंतरही रोजच्या रस्त्यावर पाय रिकामे पडत असतील, तर पुठ्ठ्याची चकती सांगेल तेवढे दात वाढवावेत. त्याहून अधिक नको.

शिक्षकांनी वर्गात एक तक्ता करून घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या सायकलीचे पुढचे व मागचे दात, चाकाचा परीघ आणि एका फेऱ्यातले अंतर लिहावे. घरापासून शाळेचे अंतर आणि लागणारा वेळ लिहून सरासरी वेग काढावा, आणि त्या वेगाला पाय मिनिटाला किती फेरे मारतात हे गणिताने काढून, मग मित्राकडून प्रत्यक्ष मोजून घ्यावे. साध्या सायकली आणि गिअरच्या सायकली यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट तपासता येईल: ज्यांचे चेनव्हील मोठे, तेच शाळेत लवकर पोहोचतात का?